स्कायरिममधली चुरस टिकवायची तर क्राफ्टिंगला लगाम घाला

पहिल्यांदा स्कायरिम हा व्हिडिओ गेम खेळले तेव्हा साधारण पंचेचाळिसाव्या लेव्हलला माझा खेळ संपला. मुख्य कथा अर्धी बाकी होती, यादवी युद्धाला मी हातही लावला नव्हता. तरी संपला म्हणते, कारण त्या संध्याकाळी एक ड्रॅगन समोर उतरला, मी तलवार उपसली, चार घाव घातले आणि तो कोसळला. माझी हेल्थची पट्टी जेमतेम हलली. याच खेळात व्हाइटरन शहराच्या पश्चिमेकडच्या टेहळणी बुरुजापाशी पहिल्या ड्रॅगनशी लढताना मी भिंतीआड दबून बसले होते, बाटल्या संपल्या होत्या, माऊस धरलेला हात घामेजला होता. ती भीती कुठे गेली याचा शोध घेत मागे गेले, तर उत्तर लढाईत नव्हतं. ते भट्टीपाशी होतं. त्याआधीच्या दोन आठवड्यांत मी खंजीर ठोकत होते, पोशनं उकळत होते आणि अंगठ्यांवर मंत्र चढवत होते.

तेव्हापासून जितक्या वेळा नवं पात्र सुरू केलं, तितक्या वेळा क्राफ्टिंगवर, म्हणजे अशा वस्तू बनवण्यावर, बंधनं घालून खेळले. काही बंधनं फसली, काही जाचक निघाली, काही इतकी छान बसली की आता त्यांच्याशिवाय खेळवत नाही. तीच इथे क्रमाने देते. 2011 चा मूळ खेळ असो, 2016 ची स्पेशल एडिशन असो किंवा 2021 ची अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन, नियम सगळीकडे लागू पडतात. पीसीच हवा असंही नाही.

आधी गणित समजून घ्या

कुठे कापायचं हे कळण्यासाठी ताकद कुठून येते ते पाहावं लागतं. पुष्कळ जण म्हणतात, "मी डेड्रिक शस्त्रं बनवणार नाही, बस्स." याने फारसा फरक पडत नाही. लोखंडी तलवारीचा मूळ डॅमेज 7, स्टीलचा 8, एबनीचा 13 आणि डेड्रिकचा 14. लोखंडी आणि डेड्रिक तलवारीत फरक आहे दुपटीचा. तेवढ्याने ड्रॅगन चार घावांत मरत नाही.

खरी वाढ होते ती गुणाकाराने. स्मिदिंग (लोहारकाम), एन्चांटिंग (वस्तूंवर मंत्र चढवणं) आणि अल्केमी (पोशनं बनवणं) या तीन कला एकमेकींना वर चढवतात. अल्केमी वाढवणारे दागिने आणि हातमोजे घालायचे, म्हणजे पोशनं जास्त जालीम होतात. त्यातून फोर्टिफाय एन्चांटिंगचं, म्हणजे ती कला तात्पुरती वाढवणारं, पोशन उकळायचं, ते पिऊन आणखी चांगले दागिने बनवायचे, ते घालून आणखी जालीम पोशन. प्रत्येक फेरीत वाढ कमी होत जाते, पण दोन-तीन फेऱ्यांत जे हाती येतं ते खेळाच्या मापाबाहेरचं असतं. मग फोर्टिफाय स्मिदिंगचा पूर्ण संच अंगावर, वर त्याच नावाचं पोशन पोटात, आणि ग्राइंडस्टोनवर तलवार. टेम्परिंगला, म्हणजे वस्तू अशी सुधारण्याला, वरची मर्यादाच नाही. नाव 'लेजेंडरी'वर थांबतं, आकडा पुढे वाढतच राहतो.

शेवटी एन्चांटिंग. कौशल्य 100, सगळे पर्क (प्रत्येक कौशल्याच्या झाडातून निवडायच्या खास क्षमता) आणि ग्रँड सोल (मंत्रासाठी लागणारा सगळ्यात मोठा आत्मा) असेल तर एका वस्तूवर एकहाती शस्त्राचा डॅमेज 40 टक्के वाढवता येतो. अंगठी, हार, हातमोजे आणि बूट अशा चार जागा धरल्या तर 160 टक्के. जादूगाराचं प्रकरण याहून वाईट. डिस्ट्रक्शनचा, म्हणजे मारक मंत्रांचा, खर्च 25 टक्के कमी करणाऱ्या चार वस्तू घातल्या की खर्च शून्य. मॅजिकाची, म्हणजे मंत्रांना लागणाऱ्या शक्तीची, पट्टी नुसती शोभेला उरते.

चिलखताला निदान मर्यादा आहे. कितीही चढवलं तरी मार 80 टक्क्यांपेक्षा जास्त अडत नाही. चारही तुकडे अंगावर असतील तर पडद्यावरचा आकडा 567 ला पोचला की ती मर्यादा आली. क्राफ्टिंग मोकळं सोडलं तर हलक्या चिलखतानेही तिथे पोचता येतं. म्हणजे 100 चा घाव तुम्हाला 20 चा लागतो, आणि हे सगळं एकही नवी युक्ती न शिकता.

या साखळीत एक नाजूक कडी आहे. एन्चांटिंग वाढवणारा मंत्र कुठल्याच वस्तूवर चढवता येत नाही. तो परिणाम फक्त पोशनातून मिळतो. म्हणून फोर्टिफाय एन्चांटिंगचं पोशन बंद केलं की फेरा तिथेच तुटतो. हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

डिफिकल्टी वाढवून का भागत नाही

मार्च 2013 च्या 1.9 पॅचने लेजेंडरी डिफिकल्टी आली. तिथे तुमचा मार पाव होतो आणि तुम्हाला बसणारा तिप्पट. मास्टरवर निम्मा आणि दुप्पट, एक्स्पर्टवर पाऊण आणि दीडपट. मी लेजेंडरीवर क्राफ्टिंग मोकळं ठेवून खेळून पाहिलंय. सुरुवातीचे वीस लेव्हल दरोडेखोर एका फटक्यात लोळवतो आणि आपण त्याला पन्नास घाव घालत राहतो. मग क्राफ्टिंग पूर्ण होतं आणि तोच खेळ अ‍ॅडेप्ट या नेहमीच्या डिफिकल्टीसारखा सोपा होतो. वर म्हटलेला 100 चा घाव लेजेंडरीवर 300 चा होतो, पण मर्यादेपर्यंत पोचलेलं चिलखत त्यातला 60 चाच आत येऊ देतं. आधी अन्याय आणि नंतर कंटाळा, मधला गोडवा मिळतच नाही. शिवाय असली डिफिकल्टी खेळाडूला क्राफ्टिंगकडेच ढकलते, कारण तिथे टिकायला दुसरा रस्ता नसतो.

माझा सल्ला असा: तलवार-ढाल किंवा धनुष्य वापरत असाल तर एक्स्पर्ट, हात चांगला बसलेला असेल तर मास्टर. शुद्ध जादूगार असाल तर अ‍ॅडेप्ट किंवा एक्स्पर्ट. डिस्ट्रक्शनच्या मंत्रांचा मार कौशल्याबरोबर तलवारीसारखा वाढत नाही, आणि खर्च कमी करणारे दागिने काढून घेतल्यावर मास्टरवर जादूगाराचे हाल होतात. एकदा डिफिकल्टी ठरवली की ती तशीच राहू द्या. यापुढे पडेल तो फरक नियमांनी पडू दे.

पायरी 1: पात्र बनवण्याआधी नियम कागदावर लिहा

खरोखरच्या कागदावर, किंवा फोनमधल्या नोट्समध्ये. डोक्यात ठेवलेला नियम एखादी अवघड गुहा आली की वाकतो. माझ्या वहीत प्रत्येक पात्राचं एक पान आहे. वर नाव आणि वंश, खाली दोन ओळींत तो कोण आहे हे, आणि त्याखाली पाच-सहा नियम. दोन ओळींचं महत्त्व मोठं. "हॅमरफेलहून आलेली भाडोत्री सैनिक, हत्यार स्वतः नीट ठेवते, पण लोहार नाही" एवढं लिहिलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. ती तलवारीला धार लावेल. ती एबनीचं चिलखत ठोकणार नाही.

नियम मोजता येतील असे हवेत. "जास्त क्राफ्टिंग करायचं नाही" हा नियम नव्हे. "स्मिदिंग 50 च्या वर नेणार नाही" हा नियम.

पायरी 2: तीनपैकी एकच कला निवडा

सगळं बंद करून खेळता येतं, मी खेळलेही आहे, पण मला त्यात जग अर्धं वाटलं. वाटेवरची फुलं तोडायला कारण उरत नाही, खाणीत शिरायला कारण उरत नाही. स्कायरिमचा मोठा आनंद या छोट्या कामांत आहे. म्हणून एक कला घ्या आणि बाकी दोन सोडा, किंवा त्यांना अगदी बारीक वाट ठेवा.

यात एक फायदा लपलेला आहे. पात्राची लेव्हल कौशल्यं वाढल्याने वाढते आणि बरेचसे शत्रू तुमच्या लेव्हलप्रमाणे चढतात. भट्टीपाशी बसून दहा लेव्हल मिळवल्या तर तलवार चालवण्याचं कौशल्य होतं तिथेच राहतं आणि समोर मात्र तगडे शत्रू येतात. मग त्यांना तोंड द्यायला आणखी क्राफ्टिंग. लढाईतूनच लेव्हल मिळत गेली तर तुम्ही आणि शत्रू जोडीने वाढता. पर्कही वाचतात. स्मिदिंगच्या झाडात 10, एन्चांटिंगच्या 13 आणि अल्केमीच्या 15 पर्क आहेत, आणि लेव्हलमागे एकच पर्क मिळतो.

कुठली निवडायची? पहिल्यांदाच हा प्रयोग करत असाल तर अल्केमी. ती लढाईच्या आधी विचार करायला लावते. स्मिदिंग दुसऱ्या क्रमांकावर. एन्चांटिंग एकटं घेतलं तरी खेळ मोडू शकतं, म्हणून ते सरावल्यानंतर.

पायरी 3: स्मिदिंगची मर्यादा

स्मिदिंग ठेवणार असाल तर माझे नियम असे.

फोर्टिफाय स्मिदिंगची वस्तू किंवा पोशन कधीच नाही, सापडलेलंसुद्धा नाही. ते विकून टाका. ही एक गोष्ट पाळली तर टेम्परिंग खेळाच्या मापात राहतं.

बनवायचं ते स्वतः वापरण्यापुरतं. पूर्वी लोखंडी खंजिरांचा रतीब घालून स्मिदिंग चढवायचे. 1.5 पॅचनंतर अनुभव वस्तूच्या किमतीवर मिळू लागला, म्हणून लोक सोन्याच्या अंगठ्यांकडे आणि ड्वार्व्हन धनुष्यांकडे वळले. व्हाइटरनच्या उत्तरेला हॉल्टेड स्ट्रीम कँपमध्ये ट्रान्सम्यूट मंत्राचं पुस्तक सापडतं. लोखंडाचं खनिज चांदीचं होतं, चांदीचं सोन्याचं. या पात्राने ते पुस्तक वाचायचं नाही.

कौशल्याची मर्यादा लेव्हलशी बांधा. मी लेव्हल अधिक 20 धरते. दहाव्या लेव्हलला 30, तिसाव्याला 50, आणि कळस 59 वर. स्किल बुक वाचून एखादा अंक वाढला तर चालवून घ्या.

59 हा आकडा मी मुद्दाम धरलाय. 60 ला आर्केन ब्लॅकस्मिथ हा पर्क मिळतो, आणि तो असल्याशिवाय जादूई वस्तूंचं टेम्परिंग करता येत नाही. तो पर्क नाकारला की खेळात एक सुंदर पेच तयार होतो. माझ्या रेडगार्ड वंशाच्या पात्राकडे व्हाइटरनच्या स्कायफोर्ज भट्टीवरच्या लोहाराची, एओरलंड ग्रे-मेनची, स्टीलची तलवार होती, मूळ डॅमेज 11, वर मी लावलेली धार. एका थडग्यात मला आगीचा मंत्र असलेली एल्व्हन तलवार मिळाली. तिचाही मूळ डॅमेज 11. पण तिला धार लावता येत नाही आणि तिचा चार्ज लढता लढता संपतो. मग मी दोन्ही बाळगू लागले. ड्रॉगर (थडग्यांतली जिवंत मढी) आणि ट्रोल समोर आले की आगीची, माणसं आली की स्टीलची. क्राफ्टिंग मोकळं असतं तर हा विचार एक क्षणही करावा लागला नसता. आधीची तलवार पेटीत आणि नवी लेजेंडरी, विषय संपला असता.

पर्कांत एकच फांदी घ्या. हलकं चिलखत घालणारा असेल तर एल्व्हनची, जड चिलखताचा असेल तर ड्वार्व्हनची. पर्क असला की त्या धातूचं टेम्परिंग दुप्पट होतं, त्यामुळे फांदी निवडणं म्हणजे पुढच्या तीस लेव्हलचं हत्यार निवडणं. ड्वार्व्हन घेतलंत तर धातूसाठी ड्वेमर या लुप्त जमातीच्या अवशेषांत शिरावं लागतं. लगड दुकानातून विकत घ्यायची नाही असा नियम जोडलात तर आणखी मजा. हव्या असलेल्या चिलखतासाठी अख्खी मोहीम काढावी लागते.

स्मिदिंग निवडलं नसेल तर भट्टीला हात लावू नका, पण सुरुवातीच्या गावात, रिव्हरवुडला, अल्वोर लोहार देतो तो पहिला धडा घ्यायला हरकत नाही. त्यानंतर चिलखत लुटीतून किंवा दुकानातून. व्हाइटरनच्या वॉरमेडन्समध्ये एड्रियान काय विकायला ठेवते याकडे मी तेव्हापासून खरंच लक्ष देऊ लागले.

पायरी 4: एन्चांटिंग

इथे हात सगळ्यात जास्त आखडता घ्या. मी दोन वाटा वापरल्यात.

पहिली वाट म्हणजे आर्केन एन्चांटरच्या टेबलाला स्पर्शच नाही. सापडलेल्या जादूई वस्तू वापरायच्या, सोल जेमने (आत्मा साठवलेल्या खड्याने) त्यांचा चार्ज भरायचा, एवढंच. याने लुटीला पुन्हा अर्थ येतो. क्राफ्टिंग मोकळं असताना गुहेच्या टोकाशी असलेली मोठी पेटी उघडताना काहीच वाटत नाही, कारण आत जे असेल त्याहून चांगलं घरी पडलेलं असतं. या वाटेने खेळताना थंडीपासून 30 टक्के वाचवणारे साधे बूट सापडले तर ते पुढचे पंधरा लेव्हल पायात राहतात. विंटरहोल्ड या जादूच्या कॉलेजचे झगेही मग मोलाचे ठरतात. आर्चमेजचा झगा सगळ्या मंत्रांचा खर्च 15 टक्के कमी करतो, आणि हातात दुसरं काही नसताना ते 15 टक्के फार मोठे वाटतात.

दुसरी वाट, एन्चांटिंग ठेवायचं पण बांधून. फक्त शस्त्रांवर मंत्र, चिलखत आणि दागिन्यांवर नाही. सोल जेम कॉमन किंवा त्याखालचे. ग्रँड आणि ब्लॅक नाहीत. शंभराव्या कौशल्याला मिळणारा, एका वस्तूवर दोन मंत्र चढवू देणारा एक्स्ट्रा इफेक्ट हा पर्क घ्यायचा नाही. आणि अंगावर एका वेळी स्वतः मंत्र चढवलेली एकच वस्तू.

दागिने का वगळायचे? कौशल्य वाढवणारे आणि खर्च कमी करणारे मंत्र अंगावरच्या वस्तूंवर बसतात आणि त्यांची बेरीज होते. शस्त्रावरचा मंत्र त्याच्या जागी असतो, चार्ज खातो, संपतो. त्यातून खेळ मोडत नाही.

जादूगारासाठी थोडी सूट देते. खर्च कमी करणारी एक वस्तू चालेल, एकाच विद्येची. शून्य खर्चाच्या आसपासही जायचं नाही. डिस्ट्रक्शनचा मार वाढवायचा असेल तर त्यासाठी पोशन आहे, आणि ते लढाईआधी आठवणीने प्यावं लागतं.

पायरी 5: अल्केमी, आणि ती जपून कशी वापरायची

माझी आवडती कला हीच, म्हणून इथे थोडं रेंगाळते.

बंदी तीनच पोशनांवर: फोर्टिफाय एन्चांटिंग, फोर्टिफाय स्मिदिंग आणि फोर्टिफाय रिस्टोरेशन. पहिल्या दोहोंचं कारण वर आलं. तिसऱ्यात खेळाची एक जुनी चूक आहे. ते पोशन पिऊन दागिने काढून पुन्हा घातले की त्यांचा परिणाम वाढतो, आणि हा फेरा कुठेच थांबत नाही. आकडे इतके फुगतात की खेळ कोलमडतो. पीसीवर अनऑफिशियल स्कायरिम पॅच टाकला असेल तर ही चूक दुरुस्त झालेली असते.

पाककृती इंटरनेटवर पाहायच्या नाहीत. हा नियम मी सगळ्यांना आग्रहाने सांगते. घटक खाऊन पाहिला की त्याचा पहिला गुण कळतो, बाकीचे गुण घटक एकमेकांशी जुळवून पाहिल्यावर कळतात. ब्लू माउंटन फ्लॉवर आणि गहू एकत्र केल्यावर जखम भरते आणि हेल्थही वाढते हे स्वतः शोधून काढण्यात जो आनंद आहे तो तक्ता पाहून मिळत नाही. माहीत असलेल्या कृती विसरता येत नाहीत, हे खरं. तिथे असं करा: या पात्राने तो घटक खाऊन पाहिला नसेल किंवा कृतीचा कागद सापडला नसेल, तर ती कृती त्याला येत नाही.

बाटल्यांची संख्या मोजा. खेळ मेनूत थांबतो आणि थांबलेल्या वेळात दहा पोशनं पिता येतात, ही स्कायरिमची मोठी पळवाट आहे. माझा नियम: मोहिमेवर जखम भरणारी पाच, विषं तीन, बाकी तीन. लढाई सुरू झाल्यावर मेनू उघडून एकच पोशन प्यायचं. दुसरं हवं असेल तर आधी पळून आडोसा गाठायचा.

असं खेळताना काय होतं ते एका प्रसंगातून सांगते. नवव्या लेव्हलला मी आयव्हरस्टेडहून हाय ह्रोथगारच्या पायऱ्या चढत होते. वरच्या बाजूला फ्रॉस्ट ट्रोल वाट अडवतो हे ठाऊक होतं. मॉर्थलजवळच्या दलदलीतून आणलेलं डेथबेल आणि नदीतला रिव्हर बेटी मासा मिळून एक विष होतं. ते हेल्थ खातं आणि शत्रूचा वेग निम्मा करतं. अशा दोन बाटल्या होत्या. पहिली बाटली धनुष्याला लावून बाण मारला, ट्रोल संथ झाला आणि मी पायऱ्यांवरून मागे सरत बाण सोडत राहिले. अडचण अशी की ट्रोलची हेल्थ आपोआप भरत राहते, त्यामुळे बाणांचा निम्मा मार वाया जात होता. विषाचा अंमल उतरला तसा तो झेपावला आणि माझी हेल्थ एका हाताच्या फटक्यात तिसऱ्या हिश्शावर आली. एक पोशन प्यायले, नियमानुसार तेवढंच. मग दुसरी बाटली तलवारीला, एक घाव, आणि तो पुन्हा संथ झाल्यावर फ्लेम्स. हा मंत्र सगळ्या पात्रांना सुरुवातीपासून येतो आणि ट्रोलला आग सोसत नाही. मॅजिका संपली तेव्हा त्याची पट्टी जवळपास रिकामी होती. शेवटचे दोन घाव तलवारीने घातले. त्यानंतर मी बर्फात तशीच उभी राहिले, पडद्यासमोर श्वास रोखून बसले होते हे तेव्हा लक्षात आलं.

एक सावधगिरी. ड्रॉगरवर विष चालत नाही. केवळ विषावर भिस्त ठेवून थडग्यात शिरलात तर अडकाल. तिथे आग लागते. म्हणजे मोहिमेआधी आपण कुठे चाललोय हे विचारून, आठवून तयारी करावी लागते, आणि मला हवी असलेली चुरस ती हीच.

सर्व्हायव्हल मोड (भूक, थंडी आणि थकवा सांभाळायला लावणारा प्रकार) चालू असेल तर बाटल्यांची संख्या थोडी वाढवा. त्यात हेल्थ आपोआप भरत नाही, फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट पोचणं) बंद असतो आणि लेव्हल वाढवायला झोपावं लागतं. तिथे पाच बाटल्या खरंच कमी पडतात.

पायरी 6: पैशाची गळती बंद करा

क्राफ्टिंग मागच्या दाराने पैशातून परत येतं. जायंट्स टो आणि गव्हाचं पोशन विकून माणूस काही दिवसांत श्रीमंत होतो. मग हवं ते विकत घेता येतं आणि ट्रेनरला पैसे देऊन कौशल्यंही चढवता येतात, दर लेव्हलला पाच वेळा. म्हणून स्वतः बनवलेलं काहीही विकायचं नाही. शिकताना जमलेली फालतू पोशनं फेकून द्या. आणि निवडलेल्या कलेसाठी ट्रेनर वापरू नका.

पैसा लुटीतून आणि कामांतून आला की व्हाइटरनमधलं ब्रीझहोम, 5000 सोन्याचं साधं घर, खरंच कमावल्यासारखं वाटतं.

पायरी 7: दर दहा लेव्हलला तपासा

दहाव्या, विसाव्या, तिसाव्या लेव्हलला वही उघडा. गेल्या दहा लेव्हलमध्ये कधी पळालात का? कधी एखादी गुहा अर्ध्यात सोडून परत आलात का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर एक नियम घट्ट करा: बाटल्या कमी, किंवा स्मिदिंगचा कळस खाली. प्रत्येक लढाईत तीन-चारदा मरत असाल तर एक सैल करा. एका वेळी एकच बदल, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं. बदल गावात असतानाच करायचा. गुहेच्या मधोमध, हरताना बदललेला नियम पुढे कधीच टिकत नाही, हे मी दोनदा अनुभवलंय.

जुन्या सेव्हचं काय करायचं

हातातलं पात्र आधीच अजिंक्य झालं असेल आणि ते सोडवत नसेल, तर उपाय आहे. 1.9 पॅचपासून कौशल्य 100 ला पोचलं की ते लेजेंडरी करता येतं. ते 15 वर येतं आणि त्यातले पर्क परत मिळतात. स्मिदिंग आणि एन्चांटिंग असे खाली आणा, मोकळे झालेले पर्क लढाईच्या झाडांत घाला आणि त्या दोन कला पुन्हा चढवू नका. पात्राची लेव्हल कमी होत नाही, त्यामुळे शत्रू तगडेच राहतात.

कौशल्य 100 ला नसेल आणि ड्रॅगनबॉर्न विस्तार असेल, तर त्याची मुख्य कथा संपवल्यावर एका ड्रॅगन सोलच्या (मारलेल्या ड्रॅगनच्या आत्म्याच्या) मोबदल्यात एका झाडाचे सगळे पर्क परत घेता येतात.

बनवून ठेवलेल्या वस्तूंचं मात्र तुम्हालाच काहीतरी करावं लागेल. त्या सोबत लढणाऱ्या लिडियाला देऊ नका. ती सगळं एकटी मारत सुटते आणि तुम्ही तिच्यामागे चालत राहता. ब्रीझहोमच्या वरच्या खोलीतल्या पेटीत ठेवा. मी माझी ती तलवार, चार घावांत ड्रॅगन मारणारी, एका तळ्यात टाकली आणि दुसऱ्या दिवशी एओरलंडकडून साधी स्टीलची विकत घेतली.